घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मानेतून लाळ येते: किती थांबायचं आणि कधी धावायचं

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातून एका मुलीने लिहिलं आहे. वडील ६१ वर्षांचे, उभा जन्म यंत्रमागावर गेला. स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी दोन वर्षांपूर्वी रेडिएशन झालं. कॅन्सर परत आला म्हणून आता पूर्ण स्वरयंत्र काढलं, सोबत मानेतल्या गाठीही काढल्या. नवव्या दिवशी मान लाल होऊन सुजली, अकराव्या दिवशी टाक्यांतून चिकट पाणी यायला लागलं. आज चोविसावा दिवस. नाकातून नळी आहे, तोंडाने थेंबभरही काही द्यायचं नाही. डॉक्टर म्हणतात, "थांबूया, भरेल." नातेवाईक म्हणतात, टाके नीट घातले नाहीत, पुण्या-मुंबईला हलवा. आणि वडील पाटीवर रोज एकच लिहितात: चहा.

ताई, वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या सर्जनचा शब्द माझ्या वर. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून डॉक्टरांचं "थांबूया" मला बरोबर वाटतं. फक्त त्या थांबण्याच्या काळात घरी आणि दवाखान्यात बरंच काही व्हावं लागतं, आणि त्या थांबण्याला मर्यादाही आहे.

वडिलांना झालंय त्याला फिस्टुला म्हणतात. स्वरयंत्र काढलं की घशाची पुढची भिंत उघडी पडते. ती आतून शिवून घशाची पुन्हा नळी करावी लागते. ही आतली शिवण कुठेतरी उसवली की लाळ मानेत उतरते, तिथे साचते, पू होतो आणि शेवटी कातडीतून बाहेर यायला वाट काढते. ऑपरेशननंतरचा दुसरा आठवडा ही याची नेहमीची वेळ. नवव्या दिवसाची लाली आणि अकराव्या दिवसाचं पाणी अगदी त्या हिशोबातच बसतं. तोंडाने काही दिलं नाही तरी माणूस दिवसभरात सहज लिटरभर लाळ गिळतो, झोपेतसुद्धा. ती सगळी त्याच शिवणीवरून जाते, आणि लाळेत पाचक रस असतात, जंतूही असतात. कोरड्या जागेवरची जखम आणि ही जखम, दोघींना एकच माप लावता येत नाही.

त्यात रेडिएशन. रेडिएशनने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू अरुंद होतात, कातडी आणि स्नायू ताठर होतात. वडिलांना हे लगेच कळेल: विरलेल्या कापडाला शिवण घातली तर दोरा शाबूत राहतो, बाजूचं कापड फाटतं. अमेरिकेत स्वरयंत्राच्या कॅन्सरवर आरटीओजी ९१-११ नावाची मोठी चाचणी झाली. आधी रेडिएशन घेतलेल्या आणि नंतर स्वरयंत्र काढावं लागलेल्या त्यातल्या रुग्णांचा हिशोब २००३ साली प्रसिद्ध झाला. फक्त रेडिएशन घेतलेल्यांत १५ टक्के आणि रेडिएशनसोबतच केमो घेतलेल्यांत ३० टक्के रुग्णांना फिस्टुला झाला. हे निवडक, मोठ्या केंद्रांतले आकडे आहेत. कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याचं पहिलं ऑपरेशन बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ साली केलं. तेव्हापासून आजपर्यंत या ऑपरेशनची ही गुंतागुंत पूर्णपणे कुणालाच टाळता आलेली नाही.

म्हणून नातेवाइकांना सांगा की लाळ आली म्हणजे टाके चुकलेच, असं नसतं. शिवण्याच्या हाताला महत्त्व आहे, ते मी नाकारत नाही. पण आधीचं रेडिएशन, रक्तातलं हिमोग्लोबिन, अंगातलं प्रोटीन, शुगर, थायरॉइड आणि तंबाखू यांचा वाटा फार मोठा असतो. यातलं रेडिएशन आता बदलता येत नाही. बाकीचं जवळपास सगळं बदलता येतं, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

सुरुवात जेवणापासून करते, कारण नुसत्या नळीवर असलेले पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा गोंधळ इथेच असतो. घरचे सांगतात, "दर दोन तासांनी देतोय, मॅडम." काय देता विचारलं तर वरणाचं वरचं पाणी, तांदळाची निवळ, नारळपाणी, मोसंबीचा रस. पोट भरतं, जखमेला काही मिळत नाही. पन्नास किलोच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन लागतं. हे घरच्या जेवणातून जमतं. एक लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रोटीन, तीन उकडलेल्या अंड्यांत १८, पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीत १२. झाले बासष्ट. त्यात तांदळाची किंवा नाचणीची पेज आणि तीन-चार चमचे तेल घातलं की कॅलरीही बऱ्याच भरतात. अंडं कच्चं नको. उकडून, दुधासोबत मिक्सरमधून काढून, पातळ कापडातून गाळून घ्या. अंडं खात नसतील तर दुधाची पावडर आणि डाळ वाढवा. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर, पण आपल्या शेंगाचटणीचा कूट पाण्यात कालवून नळीत घालू नका, नळी हमखास तुंबते आणि तिखटही जातं. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध चालेल.

एका वेळी २०० ते २५० मिली, सावकाश. डोक्याकडची बाजू उंच. देऊन झालं की तीस-चाळीस मिली साधं पाणी नळीतून सोडा आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. गेले तीन आठवडे पोटात फारच कमी गेलं असेल तर एकदम सगळं वाढवू नका. आहारतज्ज्ञांना दाखवून दोन-चार दिवसांत चढवत न्या. खूप उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम अन्न लादलं तर रक्तातले क्षार बिघडतात. शुगर असेल तर साखर, गूळ, रस बंद आणि रोज तपासणी. जखमेच्या काळात शुगर १८० च्या खाली राहायला हवी. आठवड्यातून एकदा वजन करा आणि लिहून ठेवा.

नळीबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. नळी निघाली तर घरी, किंवा जवळच्या छोट्या दवाखान्यात, ती परत घालू नका. इतर पेशंटमध्ये नर्स ही नाकातली नळी (राइल्स ट्यूब) सहज घालते. इथे ती नळी नेमकी उसवलेल्या शिवणीशेजारून जाते. आंधळेपणाने ढकलली तर टोक फिस्टुलातून मानेत शिरू शकतं आणि भरत आलेली जागा पुन्हा फाटते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा. काही तास पोटात काही गेलं नाही तरी बिघडत नाही. नाकाजवळ नळीवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे सरकली तर लगेच लक्षात येईल.

आता थायरॉइड. हे बऱ्याचदा राहून जातं म्हणून ठासून सांगते. मानेला रेडिएशन झालेलं असतं, आणि या ऑपरेशनमध्ये थायरॉइडचा एखादा भाग अनेकदा काढावा लागतो. दोन्ही मिळून थायरॉइड मंदावतो आणि मंद थायरॉइडमध्ये जखमा भरत नाहीत. पेशंट सुस्त असतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, घरच्यांना वाटतं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, थकणारच. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. गोळी सुरू झाली तर ती कुटून, पाण्यात विरघळवून, रिकाम्या पोटी द्यायची आणि नंतर किमान अर्धा तास दूध-पेज नाही. दुधासोबत दिली तर ती नीट अंगी लागत नाही. याच वेळी हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि कॅल्शियमही बघून घ्या.

तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण मी विचारणारच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो आणि मिश्री तर कित्येक घरांत दात घासण्याचाच भाग आहे. नाकात नळी असताना गालात चिमूटभर तंबाखू धरून बसलेले पेशंट मी पाहिले आहेत. त्यांना ते खाणं वाटत नाही, कारण गिळत नाहीत. निकोटिन गालातूनच रक्तात जातं आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतं. रागावू नका, पण उशीखाली आणि खिशात बघा. सुटत नसेल तर डॉक्टरांना सांगा, मदत मिळते.

ड्रेसिंग होताना तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि बघायला शिका. पहिल्या दिवसांत निघणारा बोळा घाणेरड्या वासाचा, राखाडी-हिरवट, लाळेने तारा सुटणारा असतो. जखमेच्या तळाशी पांढरट-पिवळा, मेलेला थर दिसतो. भरायला लागली की वास आधी जातो. मग तळ लालसर गुलाबी, दाणेदार दिसू लागतो, पुसताना थोडं रक्त टिपकतं. हे चांगलं लक्षण आहे. दिवसाला किती बोळे भिजतात ते वहीत लिहा. चार दिवसांपूर्वी आठ आणि आज पाच, ही नोंद सर्जनला तुमच्या "बरं वाटतंय" पेक्षा जास्त सांगून जाते. पट्टी थोडी दाबून बांधतात, म्हणजे कातडी खालच्या भागाला चिकटून राहते आणि पोकळी उरत नाही. पण तो दाब श्वासाच्या भोकावर, म्हणजे स्वरयंत्र काढल्यावर श्वासासाठी मानेत केलेल्या भोकावर, येता कामा नये. जखमेत हळद, मध, जडीबुटीची पूड काहीही भरू नका. जखमेचं भोक आत थेट घशात उघडतं. भरलेली पूड आत गोळा होऊन बसते आणि तिच्याखाली पू साचतो. दुकानातून मनाने अँटिबायोटिक नको. पू वाढत असेल तर त्याचं कल्चर करून, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते तपासून, औषध ठरतं, आणि ती तपासणी सोलापुरातच होते.

फिस्टुला श्वासाच्या भोकाच्या किती जवळ आहे हे डॉक्टरांना विचारा. त्या भोकाच्या अगदी वरच असेल तर लाळ ओघळून थेट श्वासनलिकेत पडते, खोकला थांबत नाही, ताप येतो, न्यूमोनिया होतो. अशा वेळी काही काळ फुगा असलेली नळी भोकात ठेवतात. स्वरयंत्र काढल्यावर नाकाने हवा गाळली जात नाही, ओलसरही होत नाही. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वरचं तापमान आणि कोरडा वारा. भोकात खपल्या धरतात, कधी कधी श्वास अडण्याइतक्या. भोकासमोर ओलसर गॉझचा पडदा बांधा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनचे थेंब आणि नेब्युलायझर चालू ठेवा. घरातच माग असेल तर वडिलांची खाट त्या खोलीत नको. कापसाचा बारीक तंतू हवेत असतो आणि तो आता सरळ फुप्फुसात जातो. विडी ओढणाऱ्यांनाही बाहेर पाठवा. आणि कधी ऑक्सिजन द्यायची वेळ आली तर तो मानेच्या भोकावर द्यायचा, तोंडावर मास्क लावून काही उपयोग नाही. १०८ च्या गाडीतल्या माणसाला हे तुम्ही स्वतः सांगा.

आता धावायचं कधी. मानेतून किंवा भोकाजवळून लालभडक रक्त आलं, चमचाभरच असलं आणि आपोआप थांबलं तरीही, त्याच क्षणी हॉस्पिटल. रेडिएशन झालेल्या मानेत लाळ सतत पाझरत राहिली तर शेजारून जाणाऱ्या मोठ्या धमनीची भिंत कमजोर होते. ती फुटण्याआधी काही वेळा असा छोटा इशारा देते आणि तासा-दिवसांत मोठा रक्तस्राव होतो. पुसताना तळाशी येणारं थोडंसं रक्त वेगळं, हे आपोआप उसळून येणारं वेगळं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागेवर तळहाताने घट्ट दाबून धरा, थांबलं का म्हणून उचलून बघू नका, श्वासाचं भोक मोकळं राहील एवढं पाहा. आणि सोलापुरातल्याच, जिथे ऑपरेशन थिएटर आणि रक्ताची सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलला न्या. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. हा रक्तस्राव तेवढा वेळ देत नाही. हे वाचून घाबरू नका. बहुतेकांना असं काही होत नाही. पण ज्यांना होतं त्यांच्या घरच्यांना ते आधी माहीत असेल तरच उपयोग. कातडी काळी पडणं, जखमेच्या तळाशी धडधडताना काहीतरी दिसणं, थंडी वाजून ताप, श्वासाला त्रास, यासाठीही त्याच दिवशी दाखवा.

मानेच्या ऑपरेशननंतर इतरही त्रास होतात, जसं पहिल्या दिवसात रक्त साचणं, किंवा जेवण सुरू झाल्यावर मानेच्या डाव्या बाजूच्या ड्रेनमधून (स्राव बाहेर काढायच्या नळीतून) दुधासारखा पांढरा स्राव. चोविसाव्या दिवशी तुम्हाला त्यांची फारशी काळजी नको. श्वासाचं भोक हळूहळू आक्रसणं मात्र पुढच्या महिन्यांत होऊ शकतं, त्यावर लक्ष ठेवा.

किती थांबायचं? रेडिएशन न झालेल्या घशात फिस्टुला बहुधा दोन ते चार आठवड्यांत मिटतो. रेडिएशन झालेल्यात सहा-आठ आठवडे लागले तरी ते वेगळं नाही. दिवसांपेक्षा दिशा बघायची. गळती दर आठवड्याला कमी होत असेल, तळ गुलाबी असेल, वजन टिकून असेल, तर थांबा. पोषण, थायरॉइड, शुगर सगळं नीट करूनही तीन-चार आठवडे गळती तेवढीच असेल, भोक मोठं होत असेल, कातडी मेली असेल किंवा धमनी उघडी पडत असेल, तर ऑपरेशनचं बोलायची वेळ झाली. त्यात छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वर मानेत आणून भोकावर बसवतात. १९७९ मध्ये अमेरिकेतले सर्जन एरियन यांनी ही पद्धत मांडली आणि आजही ती आमचा मोठा आधार आहे, कारण त्या स्नायूला रेडिएशन झालेलं नसतं, तो स्वतःचं ताजं रक्त घेऊन येतो. काही वेळा मांडीवरचा तुकडा सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडून बसवतात. हे आधीच का केलं नाही, असं तुम्ही विचाराल. रेडिएशननंतरच्या ऑपरेशनमध्ये काही सर्जन पहिल्याच वेळी छातीचा स्नायू आणतात, त्याने फिस्टुलाचं प्रमाण आणि तीव्रता कमी होते. पण त्यात वेळ वाढतो, छातीवर वेगळी जखम होते, खांद्याची ताकद कमी होते. पहिल्या वेळी स्वतःची कातडी पुरेशी वाटली तर न आणणं हाही योग्य निर्णय असू शकतो.

पुण्या-मुंबईला हलवावं का? रोजच्या ड्रेसिंगसाठी नक्कीच नको. प्रवासात नळी निघते, जेवणाच्या वेळा चुकतात, आणि ज्याने आतली शिवण पाहिली आहे त्या सर्जनपासून तुम्ही दूर जाता. दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, तुमच्या सर्जनला सांगूनच घ्या, चांगला सर्जन रागावत नाही. जिल्ह्यातच बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते इथे होत नसेल, तेव्हा हलवण्याला अर्थ आहे. पहिलं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं असेल तर दुसऱ्याचं काय, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आजच विचारून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

कॅन्सर परत आला म्हणून भरत नाही का, ही शंका तुम्ही लिहिली नाही, पण मनात असणार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या गळतीचं कारण बहुधा तो नसतो. काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट बघा, त्यात कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का ते लिहिलेलं असतं. मात्र दोन-तीन महिन्यांनीही जखम उघडी राहिली किंवा कडेला कठीण मांस वाढू लागलं तर तिथला तुकडा तपासायलाच हवा.

आणि चहा. आज नाही. बाहेरून जखम मिटलेली दिसली तरी आतली भिंत भरली की नाही हे बाहेरून कळत नाही. गळती बंद झाल्यावर डॉक्टर काही दिवस जाऊ देतात, मग निळं पाणी प्यायला देऊन ड्रेसिंगवर निळा डाग येतो का बघतात, किंवा एक्स-रेखाली औषध गिळायला लावून ते कुठून झिरपतं का पाहतात. त्यात पास झाले की पहिलं पाणी, मग चहा, मग पेज. तोपर्यंत बोळ्याने ओठ आणि तोंड दिवसातून चार-पाच वेळा ओलं करा, दात-जीभ स्वच्छ ठेवा. तोंड जितकं स्वच्छ, तितकी लाळेतली घाण कमी. पाटी जवळच असू द्या, आणि नंतरच्या आवाजाचं काय, हे त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा. घशात छोटा व्हॉल्व्ह बसवून किंवा हनुवटीखाली धरायच्या यंत्राने बोलता येतं. जखम भरल्यावर त्याचं बघता येतं, पण तसं होणार आहे हे वडिलांना आत्ताच कळायला हवं.

पुढच्या वेळी जाताना चार कागद घेऊन जा: ऑपरेशनची नोंद, बायोप्सी रिपोर्ट, दोन वर्षांपूर्वी किती रेडिएशन दिलं तो डोस लिहिलेला कागद, आणि ताजा टीएसएच. रेडिएशनचा कागद सापडत नसेल तर जिथे दिलं तिथल्या विभागात नोंद असते, जुना केस नंबर दाखवून मागा.